चौऱ्याण्णव टच

“सर कुठं हायत?” चपला काढता काढताच संपतरावांनी विचारलं.

मी दारात उभी होते. त्यांच्या मागून त्यांची आई काठी टेकत पायरी चढत होती. तिचा दंड धरून ऋतुजा, संपतरावांची मुलगी. तिच्या दुसऱ्या हातात नीटच्या निकालाची फाइल होती.

“सर माघात गेले,” मी म्हणाले.

ते तसेच थांबले. एक चप्पल पायात, एक हातात.

“पप्पा, मी फोनवर सांगितलं होतं,” ऋतुजा हळूच म्हणाली.

“कुठलं सर त्ये ध्यानात आलं न्हाई गं माझ्या.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुतण्याच्या ॲडमिशनला लय धावपळ केलेली त्यांनी. आता सांगायचं कुणी?”

“मी सांगते. आत या.”

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवत होते, हे गणित. निवृत्तीनंतर विट्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत यांनी मुलांना ॲडमिशनचं मार्गदर्शन करायला सुरुवात केली. नियम, मुदती, कागदपत्रं माझ्याकडे असायची. बोलायचं काम त्यांचं. निकालाचा हा पहिलाच हंगाम मी एकटीने धरला होता. आकडे मला येत होते. ते घरातल्या माणसांना कसे सांगायचे, ते मी कधी केलंच नव्हतं.

संपतरावांचं तमिळनाडूत सेलमला गलाईचं दुकान आहे. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, त्यातली भेसळ काढून ते शुद्ध करणं. आमच्याकडची पुष्कळ माणसं या धंद्यात देशभर पसरली आहेत. मुलं बहुधा इथेच आजीपाशी शिकतात. ऋतुजाही तशीच वाढली.

“तुमी फक्त कॉलेजांचा नंबर लावून द्या,” संपतराव बसता बसता म्हणाले. “मिरज आधी टाकू का पुणं? उद्या नोंदणीचा शेवटचा दिवस हाय. नेटकॅफेवाल्याला सांगितलंय, एमबीबीएस सोडून दुसऱ्या कशाला टिक मारू नगंस.”

धोका कुठे आहे ते मला तिथेच कळलं. नोंदणी करताना कोणकोणते कोर्स हवेत ते निवडावं लागतं. निवडला नाही, तर पुढे त्या कोर्सच्या यादीत नावच येत नाही. सगळा भरवसा एका एमबीबीएसवर ठेवला आणि ते मिळालं नाही, तर मुलीचं वर्ष गेलं.

मी फाइल उघडली. मार्क सातशेवीसपैकी चारशे अडतीस. पर्सेंटाइल चौऱ्याण्णवच्या जरा वर. रँक सव्वा लाखाच्या पुढे.

“चौऱ्याण्णव,” संपतराव म्हणाले. “बावीस कॅरेटच्या बी वर की.”

आजीने पदर सारखा केला. “रविवारी सत्कार हाय तिचा. गलाईवाल्यांच्या हॉलात. गळ्यात डॉक्टरचं नळकांडं घातलेला फोटू लावलाय.”

“आजी, तो फोटो मी दिलेला नाही,” ऋतुजा म्हणाली. ती खाली बघत होती. तिच्या बघण्यावरून मी ओळखलं, एमबीबीएस मिळणार नाही हे हिला निकालाच्या दिवसापासून माहीत आहे.

मी आधी पुस्तकातलं सांगून पाहिलं. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, तो सापेक्ष आकडा आहे, वगैरे. संपतराव मान हलवत होते. वर्गातली मुलं काहीच कळलं नाही की अशी मान हलवतात, ती मला चांगली ओळखीची होती. मी थांबले.

“संपतराव, टच म्हणजे काय असतं हो?”

त्यांना बरं वाटलं. “टच म्हंजे सोन्याची शुद्धता. शंभर भागात सोनं किती, भेसळ किती. चौऱ्याण्णव टच म्हंजे सहा भाग तांबंचांदी.”

“सोन्याची एकच लगड असली तरी टच काढता येतो?”

“यायलाच पायजे. तिच्याच अंगचा गुण त्यो.”

“तसे हे मार्क. सातशेवीसात चारशे अडतीस. टच म्हणायचाच तर साठ-एकसष्ट.”

त्यांच्या कपाळावर आठी आली. “मग चौऱ्याण्णव कशाचं?”

“समजा, तुमच्याकडे शंभर लगडी आल्या. तुम्ही त्या कमी टचपासून जास्त टचपर्यंत ओळीनं मांडल्या. ऋतुजाची लगड अशा जागी आहे, की तिच्या मागं चौऱ्याण्णव आहेत. ती किती शुद्ध आहे ते हा आकडा सांगत नाही. मागं किती आहेत, तेवढंच सांगतो.”

“म्हंजे म्होरं सहाच की.” त्यांचा चेहरा परत उजळला.

“शंभरात सहा. पण परीक्षेला बसतात वीस लाखांच्या वर.”

सोन्याच्या धंद्यातल्या माणसाला गुणाकार शिकवावा लागत नाही. त्यांचे ओठ थोडे हलले आणि थांबले.

“सव्वा लाख,” ते म्हणाले.

“हो. तेच इथं रँकमध्ये लिहिलंय.”

“आन सरकारी जागा?”

“आपल्या राज्यात काही हजार.”

आजी एकदा मुलाकडे, एकदा नातीकडे बघत होती.

“चहा टाकते,” मी म्हणाले आणि आत गेले.

ही पद्धत यांची. आकडा सांगून झाला की ते उठायचे आणि चहा करायला आत जायचे. स्वतः ते चहा प्यायचे नाहीत, पित्त व्हायचं त्यांना. पालकांसमोर बसणं त्यांना जड जातं, म्हणून अवघड वेळी उठून जातात, अशी माझी इतकी वर्षं समजूत. गॅससमोर उभी राहिल्यावर कळलं, की ते त्या घराला खोली मोकळी करून देत होते. परक्या माणसासमोर माणसं एकमेकांशी बोलत नाहीत. मला हे त्यांना विचारायला हवं होतं असं वाटलं. दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅस बारीक केला.

बाहेरचं ऐकू येत होतं.

“तुला म्हाईत हुतं?”

“हो.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही पेढे वाटत होता, पप्पा. सेलमहून फोन करून सगळ्यांना सांगत होता. तुमचा आवाज इतका खूश मी कधी ऐकला नव्हता.”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“परत परीक्षा दे मग. लातूरला क्लासला ठिवतो. हाय काय त्यात.”

“नको.”

“नको म्हंजे?”

“मला परत अभ्यासाच्या त्या खोलीत बसायचं नाही. मला फिजिओथेरपी करायचीय.”

“त्ये काय आसतंय?”

“आरं बाबा,” आजीचा आवाज आला. “खुब्याचं हाड मोडलं माझं, तवा तू हुतास सेलमात. डॉक्टरनं हाड बसवलं आन गेला. मला चालीवली त्या फिजिओवाल्या पोरीनं. ही रोज संगं यायची. नुसतं बघून बघून ही घरी माझं पाय उचलाय लागली. मी शिव्या देयाची, ही मोजायची. धा झाल्याबिगर सोडायची न्हाई मेली.”

“पर लोकांत काय सांगू, आई? फ्लेक्स लागलाय.”

“फ्लेक्सला काय, चार दिसानं शेरडं खात्यात. दोन वर्सं पोरगी भिंतीकडं तोंड करून बसलीया. माझ्यासंगं धड बोलली न्हाई. तुला फोनवर कळत न्हाई रं त्ये.”

मी कप भरले, पण लगेच बाहेर गेले नाही. कुणीतरी नाक ओढलं. ती ऋतुजा नव्हती.

ट्रे घेऊन गेले तेव्हा संपतराव मुलीशेजारच्या खुर्चीवर बसले होते. मघाशी ते माझ्यासमोर बसले होते. आजीने घोट घेतला. “साखर कमी हाय बाई.” मी डबा आणून दिला.

“बाई,” संपतराव म्हणाले, “दुसरं काय काय आसतंय त्ये सांगा. हिलाच सांगा. मला त्यातलं कळत न्हाई.”

मी ऋतुजाला सांगितलं. एमबीबीएसची खूण राहू दे, तिने काही बिघडत नाही. फिजिओथेरपी, आयुर्वेद, होमिओपॅथी, सगळ्यांवर खूण कर. जागा आली तरी घ्यायची की नाही, ते तुझ्या हातात असतं. कोर्सच निवडला नाही, तर मात्र कुणाच्याच हातात काही राहत नाही. तिने मान हलवली. ही मान वेगळी होती.

निघताना संपतराव पायरीवर थांबले. “सरांनी लय दुखणं काढलं का वो?”

“नाही. दुपारी वाचत बसले होते. तसेच गेले.”

“मला कळलं आसतं तर आलो आसतो.”

“माहीत आहे,” मी म्हणाले. इतक्या महिन्यांत पुष्कळ जण भेटून गेले होते. त्या दिवशी मात्र मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा नीट रडले.

सत्काराला मी गेले नाही. ऋतुजाने येऊन सांगितलं. संपतरावांनी माइक घेतला. भाषणाची त्यांना सवय नाही. पर्सेंटाइल म्हणजे टच नव्हे, एवढं त्यांनी भरल्या हॉलात लगडी मांडून सांगितलं. मुलगी फिजिओथेरपीला जाणार आहे म्हणाले आणि नारळ घेऊन खाली उतरले. पुढच्या रांगेत मंडळाचे सेक्रेटरी होते. त्यांच्या नातवाचा फ्लेक्स ऋतुजाच्या शेजारीच होता. ते नंतर बराच वेळ मोबाइलमध्ये बघत होते म्हणे.

सोमवारी सकाळी माझ्या पुढच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. सगळ्यांचे आकडे नव्वदच्या वरचे. सेक्रेटरीही होते. नोंदणीची मुदत आदल्याच आठवड्यात संपली होती. ती वाढल्याची सूचना त्या दिवशी दुपारी निघाली म्हणून बरं.

ऋतुजाला दुसऱ्या फेरीत कऱ्हाडला फिजिओथेरपी मिळाली. आजीच्या पायांची जबाबदारी तिने शनिवार-रविवारची ठेवली आहे.

आता कुणी निकाल घेऊन आलं की मी आधी रँक विचारते. पर्सेंटाइल ज्याचं त्याने घरी न्यावं, ऐकायला चांगलं असतं. आणि पेढे कॉलेजचं पत्र हातात आल्यावर वाटावेत. तोवर ते टिकत नाहीत म्हणून घाई करू नये, पेढे नंतरही मिळतात.