पास्कूकाकांची पायरी

आम्ही ठाण्याचे जुने ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणायचो. रविवारी देवळाची घंटा झाली की सगळे आत जात आणि पास्कूकाका बाहेर बसत. दाराच्या अगदी खालच्या पायरीवर, डोक्याचं फडकं काढून मांडीवर ठेवलेलं. आत लोकांनी गुडघे टेकले की तेही पायरीवर टेकत. आत गाणं सुरू झालं की तेही गात, फक्त एक ओळ मागे राहून. परगावचा पाहुणा त्यांना भिकारी समजे. भिकारी कसले! तळ्याजवळच्या आमच्या आळीत त्यांचं घर सगळ्यांत मोठं होतं, आणि आवाजही.

आमची त्यांची भिंत एकच, त्यामुळे तो आवाज मी जन्मापासून ऐकला. राग सदा नाकाच्या शेंड्यावर. बैल अडला तरी ओरडणार, भाकरी करपली तरी ओरडणार. पण शनिवारची संध्याकाळ झाली की हाच माणूस दारोदार फिरे. "फिलूबाय, मंगळवारी मी तुला वाकडं बोललू. मनात ठेवू नको." फिलूबाय बहुधा ते विसरून गेलेली असे, आणि काकांनी आठवण करून दिल्यामुळे तिला नव्यानं राग येई. आळीत याचं हसू होई. मला मात्र त्यांचं ते फडकं हातात धरून दारात उभं राहणं बघून कसंतरी व्हायचं, कारण ते कुठल्या दारासाठी तळमळतात हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

काका आणि त्यांचा धाकटा भाऊ इन्तान यांचं खाडीकाठी सामाईक शेत होतं. अशा शेताचा सगळा जीव बांधात आणि उघाडीत. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरती आली की फळी पाडून अडसर घालायचा. एका उधाणाला पाळी इन्तानची होती. सकाळी बघतात तो पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्यात उभं. काकांनी देवळासमोर, भरल्या लोकांत, भावाला सांगितलं की त्यानं आपल्यावर जळून मुद्दाम फळी उघडी ठेवली. इन्तान शांत माणूस. तो "मी अडसर घातला होता" एवढंच म्हणाला आणि त्याच आठवड्यात बायकापोरं घेऊन खाडीपलीकडे कळव्याला गेला.

खारं पाणी शिरलेलं शेत लगेच पिकत नाही. ते पुन्हा पिकलं त्या वर्षी सगळ्यांच्या आधी काकांचंच भात तयार झालं, म्हणून आगेऱ्याचा मान त्यांच्याकडे आला. आगेरा हा आमचा नव्या भाताचा सण. पहिल्या लोंब्यांची जुडी वाजतगाजत देवळात न्यायची, आणि ती वेदीवर चढल्याशिवाय कुठल्याच घरात नवा तांदूळ शिजवायचा नाही. काका जुडी घेऊन पुढे, मागे वाजंत्री, त्यामागे आम्ही. पायरीशी काका थांबले. जुडी खाली ठेवली.

पाद्रीबाबा दारातून पुढे आले. "काय झालं, पास्कू?"

"बाबा, काल उघाडीपाशी गाळ काढताना त्या उधाणातली जुनी फळी चिखलात सापडली. अडसर घातलेलाच होता. खालून किड्यानं खाल्ली होती. इन्तान खरं बोलत होता."

"मग मिस्साची प्रार्थना झाली की जा त्याच्याकडे."

"तुम्हीच शुभवर्तमानातून वाचलंत ना, भाऊ दुखावलेला असला तर देणं तिथंच ठेव नि आधी त्याच्याकडं जा?"

"वाचलं होतं," पाद्रीबाबा हळूच म्हणाले. "कुणी खरंच उठून जाईल असं वाटलं नव्हतं."

काका होडीनं कळव्याला गेले. आम्ही ताटकळलो. बायका कुरकुरल्या, आमची आईही. "देवाला काय दिसत नाय, पोरं उपाशी हायत ती?" उन्हं कलल्यावर काका एकटेच परतले. इन्तानानं दार उघडलं नव्हतं. काकांनी जुडी फिलूबायच्या हातात दिली. "गावाचा भात अडवायचा मना हक नाय. मी मातर बाहेर." आणि ते पायरीवर बसले.

तेव्हापासून दर आगेऱ्याला सकाळी ते कळव्याला जात, इन्तानाचं दार वाजवत, थोडं थांबत आणि परत येऊन पायरीवर बसत. पाद्रीबाबांनी पुष्कळ समजावलं, की माफी मागितलीस, तुझं काम झालं. काका म्हणत, "मागून झाली, मिळून नाय झाली." दुसऱ्यांना ते उपदेश करत नसत. एकदाच, चुलत्याशी वाद जिंकून माझे वडील हातभर मेणबत्ती घेऊन निघाले होते, तेव्हा काकांनी पायरीवरून विचारलं, "मेणबत्ती मोठी हाय. भांडण केवढं होतं?" वडील तिथूनच मागे फिरले.

मग एका पावसाळ्यात काकांचे पाय गेले. आगेरा आला तेव्हा ते खाटेवर होते. सकाळी आम्ही देवळाशी जमलो, तर त्या रिकाम्या पायरीपाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस लोंब्यांची जुडी घेऊन उभा. लहान पोरांनी ओळखलं नाही. आम्ही ओळखलं.

त्यानं माझ्या आईला विचारलं, "पास्कू कुठं हाय? आज दार वाजलं नाय."

म्हणजे इतकी वर्षं आगेऱ्याच्या सकाळी तो दाराआड उभा राहून ते वाजायची वाट बघत होता. मला रडू आवरेना.

आम्ही त्याला काकांच्या घरी नेलं. दोघे भाऊ काय बोलले ठाऊक नाही. भिंतीतून पहिल्यांदाच काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं चौघांनी खाट उचलली. जुडी काकांच्या छातीवर होती, इन्तान पुढच्या खुराशी. पायरी आली तशी काकांनी हात वर करून खाट थांबवली. सगळा गाव उभा होता.

"इन्तान, खरं सांग. अजून काय रायलंय मनात?"

इन्तानानं खाटेचा खूर घट्ट धरला. "हाय थोडं," तो म्हणाला. "पण तू आत चल."

काकांनी मान डोलावली. खाट पायरी ओलांडून आत गेली.

नाताळच्या आधीच काका गेले. ते आत गेले त्या आगेऱ्याला नवा भात आमच्याकडे फार उशिरा शिजला होता. आई वाढताना काहीच कुरकुरली नाही.