ब्रिगेडियरांचं ‘जैसे थे’

अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात घासाघीस न करणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझा शेजारी निघाला. मी सोळाव्या वर्षी डोक्यावरून आंब्याच्या पेट्या वाहायला लागलो. आज माझ्या दोन बागा आहेत, टेम्पो आहे, मिरजोळ्याला पॅकिंगची शेड आहे. हे सगळं मी तोंडाच्या जोरावर मिळवलं. समोरच्याने शंभर म्हटलं की मी चाळीस म्हणायचं, मग दोघांनी एकमेकांची अक्कल काढायची, मी रागाने उठून दारापर्यंत जायचं, आणि शेवटी मधल्या भावाला एकत्र चहा प्यायचा. यातही माणुसकी असते. ब्रिगेडियरांना ती ठाऊकच नव्हती. त्यांना काहीही विचारा, ते ‘ठीक’ म्हणत नाहीतर ‘नाही’ म्हणत. मासळीवाली सांगेल तो भाव ते मुकाट देत, आणि आळीभरच्या बायका मग मला ऐकवत, “शेट, ब्रिगेडियर बघा, कधी तोंड वाजवत नाहीत!” वर सगळ्यात ताजे बांगडे त्यांनाच.

माणूस मूळचा देवरूखकडचा, मास्तरांचा मुलगा. कॉलेजातून फौजेत गेला तो थेट ब्रिगेडियर होऊन परतला. एवढ्या हुद्द्याच्या माणसाने पुण्यात बंगला बांधायचा. यांनी नोकरीत असतानाच माझ्या बागेला लागून कलमांची बाग घेऊन ठेवली होती. निवृत्त झाल्यावर दिवंगत पत्नीचा फोटो आणि एक लोखंडी ट्रंक एवढंच घेऊन ते तिथे राहायला आले. त्या ट्रंकेवर त्यांची सगळी कारकीर्द होती. पांढऱ्या रंगात लिहिलेलं ‘लेफ्टनंट’ खोडून कॅप्टन, ते खोडून मेजर, असं खोडत खोडत ब्रिगेडियरपर्यंत. मी म्हटलं, “साहेब, मोठे झालात तशी नवी ट्रंक घ्यायची की!” म्हणाले, “हिला काय झालंय?”

आल्या आल्या त्यांनी बागेतल्या प्रत्येक कलमाच्या बुंध्याला खाली गेरू आणि वर चुना लावला. छावणीत झाडं अशीच रंगवतात म्हणे. माझी उघडी कलमं त्या रांगेशेजारी उगाच गबाळी दिसायला लागली. त्यात ते गुरखा पलटणीत राहिलेले, नेपाळी अस्खलित बोलणारे. माझ्या बागेतले नेपाळी रखवालदार पगार माझा घेत आणि सलाम त्यांना ठोकत. मला ते ‘सुभेदार’ म्हणायचे. किती वर्षं शेजारी होतो, पण समोरासमोर बढती कधी दिली नाही. लेहचं एकदा सांगत होते. बर्फातल्या चौकीवर घरून हापूसची एक पेटी पोचली. फोडी करून सगळ्या जवानांना वाटली, यांच्या वाट्याला कोय आली. “पण पेटी तुमच्या नावाची ना?” मी विचारलं. “म्हणूनच कोय,” ते म्हणाले. असल्या माणसाशी व्यवहार कसा करायचा?

आता गडग्याचं सांगतो. आमच्या दोन बागांच्या मध्ये रचलेल्या चिऱ्यांचा गडगा होता. साहेब सरहद्दीवर असताना एका पावसात तो ढासळला. मी तो पदरमोड करून परत रचला. रचताना तो दोन हात त्यांच्या बाजूला सरकला आणि माझा टेम्पो बागेपर्यंत जाण्याइतकी वाट झाली, हा योगायोग. निदान मी तसं सांगत आलो होतो.

एका सकाळी ते नकाशा घेऊन आले. टेप नाही, काही नाही. “माझं पाऊल तीस इंचाचं,” म्हणाले आणि ताठ चालत निघाले. बरोबर दोन हात माझ्या वाटेत येऊन थांबले. मी तयारीतच होतो. “साहेब, रचताना इकडेतिकडे व्हायचंच. थोडं तुम्ही सोडा, थोडं मी सोडतो.” त्यांनी गडग्याकडे पाहिलं, माझ्या टेम्पोकडे पाहिलं आणि कानठळ्या बसतील असे ओरडले, “जैसे थे!” मग गर्रकन वळून चालते झाले.

आमच्याकडे घरटी एक जमिनीचा दावा. ‘जैसे थे’ म्हणजे काय हे कुणाला शिकवावं लागत नाही. कोर्टाचा हुकूम, आहे त्याला हात लावायचा नाही. मी बाजारभर सांगितलं, ब्रिगेडियरांनी गडगा मान्य केला. त्यांना पायरीची एक पेटी पाठवली. ती परत आली, वर चिठ्ठी, ‘काम झाल्यावर.’ कसलं काम? रोज सकाळी सहाला ते गडग्यापाशी येऊन उभे राहत, घड्याळ बघत आणि परत फिरत. मी टेम्पोतून हात उंचावून आनंदाने ओरडे, “जैसे थे, साहेब!” त्यांचा चेहरा गेरूसारखा होई.

महिन्याभराने माझ्याच एका रखवालदाराला, जुन्या फौजीला, माझी दया आली. “शेटजी, कवायतीत चूक झाली की साहेब ‘जैसे थे’ म्हणतात. म्हणजे चुकायच्या आधी होतात तसे मागे जा.”

माझं टाळकं सणकलं. तसाच त्यांच्या पडवीत जाऊन उभा राहिलो. “साहेब, मराठी माणूस ना तुम्ही? जैसे थे म्हणजे आहे तसं!”

“‘थे’ म्हणजे होते,” ते शांतपणे म्हणाले. “‘आहे’ कसं होईल?”

“कोर्टाला विचारा!”

“जायचंय तुम्हाला कोर्टात?”

नकाशा त्यांच्या बाजूने होता.

“किती मुदत हवी, सुभेदार?”

“एक वर्ष,” मी म्हटलं. तीन महिन्यांवर उतरायची माझी तयारी होती.

“ठीक.”

झालं! भांडणाचीसुद्धा चव घेऊ दिली नाही.

त्याच मोसमात, ऐन तोडणीला, माझं पोटाचं ऑपरेशन निघालं. कोल्हापूरला खाटेवर पडल्या पडल्या मी बागेच्या नावाने जीव टाकत होतो. परत आलो तर सगळा आंबा उतरून, निवडून, रवाना झालेला. ब्रिगेडियरांनी माझ्या माणसांच्या तुकड्या पाडल्या होत्या, प्रत्येक पेटीवर झाडाचा नंबर होता आणि माझा टेम्पो त्यांनी त्याच दोन हातांवरून रोज नेला होता. “वाट चांगली आहे,” एवढंच म्हणाले. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पावसाळ्यानंतर त्यांची मुलगी त्यांना गुडघ्याच्या इलाजासाठी पुण्याला घेऊन गेली. मुदतीचा आठवडा राहिला तेव्हा मी माणसं लावून गडगा उतरवला, चिरे त्यांच्या बाजूला रचले आणि फोन केला. “साहेब, गडगा मागे घेतोय. मुदतीच्या आत.”

त्यांनी विचारलं, “टेम्पो कसा जाईल?”

“डोक्यावरून वाहू. सवय आहे मला.”

“सुभेदार मेजर!” ते एकदम गरजले. “जैसे थे!” आणि त्यांना खोकला आला. फोन मुलीने घेतला. “काका, बाबांना धाप लागते. नंतर बोलता का?”

कुठलं ‘थे’, हे विचारायचं राहून गेलं. मी गडगा सरकवला त्याच्या आधीचं की नंतरचं? म्हटलं, आंब्याला येतील तेव्हा विचारू, या खेपेला कोर्ट, कवायत सगळं काढून कडाकडा भांडू. आंब्याला ते आले नाहीत. नंतर पुण्याहून मुलीचाच फोन आला.

ती आता म्हणते, “काका, गडगा तुम्हाला हवा तिथे घाला.” बापाचीच मुलगी, तिच्याशीही भांडता येत नाही. चिरे अजून तसेच रचलेले आहेत, त्यांच्यावर करवंदीची जाळी चढायला लागली आहे. टेम्पो त्या वाटेने जातो, पण त्या दोन हातांवर मी त्याला सावकाश न्यायला लावतो. कलमांचा गेरू-चुना यंदा मीच लावून घेतला, त्यांच्याही आणि माझ्याही. सकाळी सहाला हल्ली मी तिथे जाऊन उभा राहतो, घड्याळ बघतो आणि परत फिरतो.