शिंगाची मूठ

शिंग निखाऱ्यावर धरण्याआधी ती माझ्याकडे वळून म्हणायची, "बाई, नाक दाब." आठवडी बाजारात विळे-कोयते विकणाऱ्या या लोहारणीची जागा माझ्या बांगड्यांच्या पाटीला लागून. म्हशीचं शिंग तापलं की केस जळल्यासारखा वास सुटतो. बायका नाकाला पदर लावून पुढे निघून जायच्या. मी कुरकुर केली की तिचं उत्तर ठरलेलं.

"बांगड्या हातात भरतेत. नाकात भरतेत का?"

नवरा लोहार. तो घरी पाती घडवायचा, मुठी ती बसवायची. मऊ झालेलं शिंग दाबून सरळ करायचं, कानशीनं घासायचं, शेवटी राख आणि तेल लावून चोळायचं. तुम्ही विळा मागितलात तर ती आधी तुमचा हात मागायची, बोटं दाबून बघायची. माझा हात बघून म्हणाली होती, "लोण्याचा हाय. तुले चाकूच पुरे."

त्या उन्हाळ्यात तिचा नवरा मोहफुलं वेचायला पहाटेच जंगलात गेला आणि वाघानं त्याला ओढून नेलं. गावची माणसं जे सापडलं ते चादरीत बांधून घेऊन आली. चेहरा दाखवण्यासारखा नव्हता. वनरक्षकानं ओळख पटवायला तिच्यापुढे एक कोयता धरला. मी तिच्या मागंच उभी होते.

नवऱ्याच्या अंगठ्याचं पेर कधीतरी घणाखाली गेलं होतं, म्हणून त्याच्या कोयत्याच्या मुठीला तिनं खोलगट खाच ठेवली होती. तिनं त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि खाली बसली.

"माह्याच हातचा हाय. कुठी भेटला?"

"कमरेलाच अडकलेला होता, बाई."

"मंग काढालेबी वेळ नाई भेटला त्याले."

त्यानंतर ती उरलेली पाती घेऊन बाजारात येत राहिली. एकेक करत सगळं विकलं गेलं. परत मिळालेला तो कोयता तेवढा पोत्यावर राहिला. मग घुग्घुसला कोळसा खाणीत असलेला जावई तिला न्यायला आला. जायच्या आधीच्या बाजारात बांबू तोडायला जाणारी एक तरुण बाई तिच्यापुढे बसली आणि तिनं कोयता उचलला.

मी मधेच म्हणाले, "तो विकायचा नाई, बाई."

"काऊन नाई?" ती माझ्यावरच डाफरली. "इले रोज जंगलात जा लागते."

त्या बाईचा अंगठा खाचेत बसेना. लोहारणीनं कोयता मांडीवर घेतला आणि कानस लावली. मूठ झिजत गेली, खाच उथळ होत गेली, मग दिसेनाशी झाली. तिनं तेल लावून मूठ पुसली आणि कोयता त्या बाईच्या हातात दिला.

"एकली जाऊ नोको."

बाई गेली. शिंगाचा काळा भुगा लोहारणीच्या लुगड्यावर पडला होता. माणसं दुकानं आवरू लागली तरी तिनं तो झटकला नाही.