चौतीस ओळी

मिरजगावजवळच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या आयेशाबाईंना फुलांचे अगदी जवळून फोटो काढायचा नाद होता. सूर्यफुलाच्या चकतीत बिया वळणदार ओळींनी बसलेल्या असतात. एका बाजूला वळणाऱ्या चौतीस, तर दुसऱ्या बाजूला पंचावन्न. फोटो मोठा करून त्या मुलांकडून ओळी मोजून घेत.

त्या रविवारी सकाळी त्या गावातल्याच राहीबाईंच्या सूर्यफुलाच्या वावरात होत्या. स्टँडवरच्या कॅमेऱ्याला उजवा डोळा लावून मोजायला लागल्या आणि सव्वीसवरच थांबल्या. खालच्या ओळी अंधारात बुडाल्या होत्या. त्यांनी लेन्स पुसली, फूल बदललं. अंधार तिथंच.

"राहीबाई, जरा बघा हो यातून. खाली काळं दिसतंय का?"

राहीबाईंनी पदर सावरून डोळा लावला. "न्हाई की. लई झ्याक दिसतंय."

"ओळी मोजा बरं."

कधी शाळा न पाहिलेल्या त्या बाईनं बोटांवर सावकाश मोजलं. "एक ईस अन् चौदा."

चौतीस. म्हणजे कॅमेरा ठीक होता.

आयेशाबाईंनी डावा डोळा लावला. सगळ्या ओळी जागच्या जागी. मग त्यांनी डावा डोळा मिटून समोर पाहिलं. राहीबाईंना पायच नव्हते. कमरेखाली नुसता काळोख.

चार दिवस आयेशाबाईंच्या उजव्या डोळ्यापुढं वीज चमकल्यासारखं होत होतं. दमल्यामुळं असेल, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. त्यांच्या अब्बांचंही असंच सुरू झालं होतं. आधी एक डोळा, वर्षभरात दुसरा. पुढं अकरा वर्षं आयेशाबाईंनीच त्यांना हाताला धरून फिरवलं होतं.

"बाई, बसा खाली. तोंड पांढरं पडलंय तुमचं," म्हणत राहीबाईंनी आयेशाबाईंच्याच मोबाईलवरून त्यांच्या नवऱ्याला, नूरमहंमदला, बोलावून घेतलं. तो टेम्पो घेऊन आला. नगरपर्यंत आयेशाबाई दर दोन मिनिटांनी डावा डोळा झाकून बघत होत्या. काळोख वर चढत होता. मिरजगाव सोडताना टेम्पोच्या पुढच्या काचेचा खालचा काठ बुडालेला. नगर आलं तेव्हा निम्मी काच गेली होती.

"नका बघू सारखं," राहीबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला.

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आतला पडदा सुटलाय. मधला भाग अजून शाबूत आहे. उद्या आला असतात तर सांगता आलं नसतं. आजच ऑपरेशन करू."

"दिसेल ना?"

"प्रयत्न करू."

त्या दोन शब्दांनी त्या जास्तच घाबरल्या. ऑपरेशननंतर पडदा नीट चिकटावा म्हणून आठ दिवस पालथं पडून राहायचं होतं. पट्टीखाली काय उरलंय, ते कळत नव्हतं. नुसत्या फरशीकडं बघत त्या मनातल्या मनात मुलांची नावं हजेरीपटाच्या क्रमानं म्हणत राहिल्या.

दीड महिन्यानं नजर बरीचशी परत आली. सरळ रेघ मात्र उजव्या डोळ्याला अजून थोडी वाकडी दिसते. डाव्या डोळ्याचा पडदाही पातळ निघाला. त्याला लेझर करून घेतलं. त्या पुन्हा शिकवतात, फोटोही काढतात. पण रोज सकाळी उठायच्या आधी एकेक डोळा झाकून दाराकडं बघतात. तेवढा वेळ नूरमहंमद चहाचा कप हातात धरून उभा राहतो.

"दिसतंय," त्या म्हणतात, तेव्हा कुठं तो कप खाली ठेवतो.