एक गॉगल आणि चौघांचे डोळे

आमच्या गल्लीत आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताई, म्हणजे शमीमआपा, यांचं नाव आधी सांगतो, मग बाकीचं. त्या नसत्या तर तात्या आज आंधळे असते आणि मी बुलढाण्याच्या एसटीत.

मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात घडी घालायला आहे. आठवीत शाळा सुटली (म्हणजे मीच सोडली, शाळेनंही फारसा आग्रह केला नाही) आणि ताईनं मला बुलढाण्याहून तिच्या सासरी आणून ठेवलं. बहिणीच्या सासरी राहणाऱ्या भावानं कसं वागावं ते मला पाठ आहे. भाजी दुसऱ्यांदा मागायची नाही, पंखा आपल्याकडं वळवायचा नाही आणि काही बिघडलं की सगळ्यांच्या आधी आपण घाबरायचं. शेवटच्यात मी फार हुशार आहे.

घरात ताई, रिक्षा चालवणारे दाजी आणि ताईचे सासरे तात्या. तात्यांनी जन्मभर यंत्रमाग चालवला. उजवा डोळा मागातून उडालेल्या धोट्यानं तरुणपणीच नेला. उरला डावा, त्यात मोतीबिंदू. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "डोळा लाल झाला तर आणू नका. मग दिवाळीनंतरच."

दहा दिवस आधी, सोमवारी, माझे डोळे आले.

"तात्यांकडं बघू नकोस," ताई दारातच म्हणाली.

"बघूनच येत्यात डोळं," दाजी म्हणाले. "आमच्या स्टँडवर एकजण नुस्ता बघून गेला, चार रिक्षा बंद."

मी लगेच बाजारातून काळा गॉगल आणला. जेवलो भिंतीकडं तोंड करून, बोललोही भिंतीशीच.

"पाव्हणं रुसल्यात व्हय?" तात्यांनी विचारलं.

"नाही तात्या, माझे डोळे आलेत."

"मग आता भित्तीचं येतील की."

एवढं सांभाळून मी दिवसातून पाच वेळा डोळे धुवायचो आणि मोरीजवळच्या टॉवेलानं पुसायचो. हा टॉवेल मीच कारखान्यातून आणलेला. काठ वाकडा विणला गेला म्हणून बाजूला काढलेला, पण चांगला जाडजूड. ताईला त्याचा मोठा अभिमान. घरच्यांची तोंडं त्यावरच पुसली जायची. तो कुणाकडं बघत नव्हता, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय नव्हता.

बुधवारी सकाळी दाजींचे डोळे उघडेनात.

"तू माझ्याकडं बघितलास."

"दाजी, मी दोन दिवस भिंतीकडं..."

"झोपेत बघितलास."

गॉगल दाजींना दिला. पॅसेंजरसमोर लाल डोळ्यांनी कसं जाणार? संध्याकाळी ते परत आले की गॉगल माझ्याकडं. (पुसून घ्यायचो. कशानं, ते आता विचारू नका.) शनिवारी ताईचे डोळे आले आणि घरात गिरणीसारख्या तीन पाळ्या सुरू झाल्या: सकाळी दाजी, दुपारी दुकानाला जाताना ताई, संध्याकाळी मी.

त्या रात्रीचा स्वयंपाक ताईनं रडत केला. डोळे आलेल्या माणसाचं रडणं कळत नाही, पण मला कळलं.

"तात्यांना झालं तर या घरात मी कुठल्या तोंडानं राहू?" ती हळूच म्हणाली. "तुला मीच आणलंय ना."

मी माझी पिशवी भरून दाराजवळ ठेवली. मग वाटलं, अशानं मी पळून चाललोय असं दिसेल. पुन्हा रिकामी केली. मग पुन्हा भरली.

रविवारी तात्या पलंगावर उठून बसले. "तुमी तिघं मिळून माझ्याकडं बघायलाव. मी एकटा कुटं कुटं लपू? आणा हिकडं त्यो गॉगल."

आम्हा तिघांना हे एकदम पटलं. इतके दिवस हे सुचलं कसं नाही? मी नाकावरचा गॉगल काढला, टॉवेलानं दोन्ही काचा लख्ख पुसल्या आणि तात्यांच्या डाव्या डोळ्यासमोर नेला. एवढं मोठं काम माझ्या हातून पहिल्यांदाच होत होतं.

"थांब तिथंच," दारातून आवाज आला.

शमीमआपा ऑपरेशनची कागदं बघायला आल्या होत्या. त्यांनी माझे डोळे पाहिले, दाजींचे, ताईचे, मग माझ्या हातातला टॉवेल.

"तोंड सगळे ह्यालाच पुसता?"

"व्हय," दाजी म्हणाले. "पण आपा, ह्यो नुस्ता भित्तीकडं बघत बसला होता."

"क्या रे बाबा, बघून येत असते तर गल्लीभर फिरून माझे कधीच आले असते. डोळ्याचं पाणी हाताला, हात टॉवेलाला, टॉवेल दुसऱ्याच्या डोळ्याला. जंतूला चालता येत नाही, दाजी. त्याला रिक्षा लागते. ती तुम्ही फुकट दिली." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "तात्या, तुम्ही ह्याला तोंड पुसलं?"

ताईनं माझा दंड धरला. दाजी खाली बसले. तात्यांनी उत्तराला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात माझी पिशवी बुलढाण्याला जाऊन परत आली.

"म्या न्हाय. म्या आपला धोतराच्या सोग्यानं पुसतो. त्यो टॉवेल लई टोचतो."

मी आणलेली वस्तू कुणाला आवडली नाही याचा मला जन्मात पहिल्यांदा आनंद झाला.

आपांनी तात्यांना साबणानं हात धुवायला लावले आणि सरळ स्वतःच्या घरी नेलं. तात्या माळकरी, म्हणून चार दिवस आपांच्या चुलीवर मटण चढलं नाही. आम्हाला बजावलं: ज्याचा त्याचा पंचा वेगळा, उशी वेगळी, डोळ्याला हात लावायचा नाही. मी रोज सकाळी गल्लीच्या अलीकडून विचारायचो, "तात्या, डोळा?"

"हाय जाग्यावर."

गुरुवारी दवाखान्यात आपांनी डॉक्टरांना काही न लपवता सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बॅटरी लावली. पापणी वर ओढली, खाली ओढली, पुन्हा वर.

"स्वच्छ आहे. घ्या आत."

मी तिथंच फरशीवर बसलो. शिपाई म्हणाला, पेशंटनं बाकावर बसावं.

पट्टी निघाली तेव्हा तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाव्हणं, तुमी एवढंसंच हाय व्हय? आमी उगंच भ्यालो."

संध्याकाळी मी आपांच्या दाराशी गेलो. म्हणालो, "आपा, तुमच्या घरी कुणी कधी आजारी पडलं तर हाक मारा. मी पहिला धावत येईन."

"नक्को रे बाबा," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "आजारी पडल्यावर तू नको. बरे झाल्यावर ये."

तर आपा, हे उपकार मी एक दिवस फेडणार आहे, शब्द देतो. तोवर माझ्याकडून होण्यासारखी मदत मी रोज न चुकता करतोय: तुमच्या घरी येत नाही.