सरोवराकाठचा साष्टांग

देवाशी माझं फारसं जमत नसे. जर्मनीत हॅनोव्हरला मी वायूंवर प्रबंध लिहीत होतो आणि बाकीच्या गोष्टींना वेळ नाही असं सांगत होतो. साठ सालाच्या आसपास साताऱ्याहून पत्र आलं: पत्नीला विषमज्वर झालाय, ताप उतरत नाही. त्यानंतर तीन आठवडे काहीच नाही.

खोलीत बसवेना म्हणून आमच्या संशोधन संस्थेच्या सहलीबरोबर तिथल्याच आयफेल नावाच्या डोंगरांत गेलो. ज्वालामुखीच्या तोंडात साचलेलं सरोवर, खाली गाव, नावा, केक खाणारे प्रवासी. ज्वालामुखी मेलेला नाही, निजलाय, असं गावकरी सहज सांगत. पूर्वेच्या काठाला पाण्यातून सतत बुडबुडे येत होते. मला आमच्याकडची गरम पाण्याची कुंडं आठवली आणि कुंडाशेजारची देवी. कोणी पाहत नाही असं बघून काठच्या एका खोलगट जागेत मी साष्टांग नमस्कार घातला. म्हटलं, "देवा, माझं आयुष्य माझ्या बायकोला दे."

जमिनीला नाक टेकलं आणि छाती धपापू लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली, हात उचलवेना. त्या क्षणी मला बायको आठवली नाही, हे लपवत नाही. मला फक्त श्वास हवा होता. फार भ्यालो.

तेवढ्यात कोणीतरी कोटाची कॉलर धरून मला वर फरफटवलं. कॉफीची टपरी चालवणारी म्हातारी होती. सुटलेलं कुत्रं शोधत आली होती.

"इथे आम्ही कुत्र्यालाही बसू देत नाही," ती धापा टाकत म्हणाली. "जा, जा, गॅस खाली साचतो. प्रार्थना उभ्यानं करा."

कार्बन डायऑक्साइड हवेहून जड असतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. आली का पंचाईत! मान खाली घालून तिनं दिलेली कॉफी प्यायलो.

चार दिवसांनी पत्र आलं, ताप उतरला होता. तारीख पाहिली तर माझ्या नमस्काराच्या आधीची.

पुढे घरी गेल्यावर पत्नीला सगळं सांगितलं, भ्यालो तेसुद्धा.  ती म्हणाली, "अहो, मला विचारायचं तरी. तुमचं आयुष्य घेऊन मी एकटीनं काय करायचं होतं?"

आता मी नुसते हात जोडतो, द्यायचं काय ते त्याच्यावर सोडतो. त्या दिवशी त्यानं माझं ऐकलं नाही, याबद्दल रोज त्याचे आभार मानतो.