इंजिनाला पेज पाजणारी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकणं. केशोरीवाली गाडीत बसून रेस देत होती आणि मी बोनेट उघडून आत मुंडकं घातलं होतं. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. वाकू नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं, तरी वाकलो होतो. डोळा एकच चालू होता, पण कान दोन्ही शाबूत होते.

"येऊन राहिला का जी आवाज?" ती आतून ओरडली.

"तू बोलून राहिली तं इंजिन काय बोलते ते मले कसं समजन?"

"मंग त्यालेच बोलू द्या. मी चूप बसते."

दोन श्वास चूप बसली असेल. मग पुन्हा, "काही म्हणलं का त्यानं?"

केशोरीवाली म्हणजे माझी बायको. आमच्याकडं सून घरात आली की तिचं नाव उंबऱ्याबाहेर राहते आणि माहेरच्या गावाचं नाव आत येते. कोणी सौंदडवाली, कोणी आमगाववाली, तशी ही केशोरीवाली. रेशन कार्डावर सरस्वता होतं. पण कोणी सरस्वता म्हणून हाक मारली तर ही मागं वळून पाहायची, दुसरी कोण बाई आली म्हणून. मीही तिला केशोरीवालीच म्हणत आलो. मी चौथी शिकलेला माणूस, मला लाडाची नावं येत नाहीत.

गाडी पोराची. त्यानं नागपुरात नवी घेतली आणि जुनी आमच्या आंगणात आणून उभी केली. मी जन्मभर ट्रॅक्टर चालवला, मला कारचं काय कौतुक? पण केशोरीवाली दोन दिवस गाडीभोवती फिरली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मले शिकवा."

"कायले? कुठं जाणार आहेस?"

"जाईन कुठंतरी. तुमच्या मागं बसून बसून माझी कंबर गेली."

शिकवलं मग. आमच्या खळ्यात. धानाची मळणी झाली की खळं मोकळंच पडलेलं असते. रिव्हर्स तिला पहिल्याच दिवशी आला आणि मी चाटच पडलो. मग लक्षात आलं, की धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, करणारी बाई चिखलात वाकून आयुष्यभर मागं मागंच सरकत असते. मागं काय आहे ते तिला न पाहता कळते. पुढं जाणं मात्र कठीण पडलं. खळं एवढंसं. पहिला गेअर टाकून गाडी जरा चालते न चालते तोच धानाच्या तणसाचा, पेंढ्याचा, ढीग येई आणि ब्रेक मारावा लागे. दुसऱ्या गेअरची तिथं जागाच नव्हती. मी म्हटलं, पुढचं रस्त्यावर शिकवीन. ते राहूनच गेलं.

तसंही दुसरा गेअर तिला पटत नव्हता. "पहिला म्हणजे चालणं, दुसरा म्हणजे पळणं," ती म्हणायची. "चालणाऱ्या बैलाले दम लागत नाही." मी सांगून थकलो, की इंजिनाचं उलटं असते. तिनं हातब्रेकही कधी पुरता खाली सोडला नाही. अर्धा ओढून ठेवायची. का? "कासरा सोडून कोणी बैल हाकते का जी?"

राखीला तिला केशोरीला न्यायचा माझा शब्द होता. पण मध्येच डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मी म्हटलं, एसटीनं जा. ती म्हणाली, "भावाच्या दारात बहीण स्वतः गाडी घेऊन आली, असं केशोरीत अजून झालं नाही. होऊ द्या एकदा." लायसनचं विचारू नका. गावचा रस्ता, रोवणे आटोपलेले, माणूस काणूस दिसत नव्हतं. नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, कुंकू लावून निघाली. आधी स्वतःला लावलं, मग स्टेअरिंगला. मी हिरवी पट्टी बांधलेला आंगणात उभा. गाडी वळणाआड गेली तरी पहिल्या गेअरचं ते ओरडणं मला बराच वेळ ऐकू येत होतं. मी काळजीत पडलो. तिच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू. इंजिनासाठी.

जाताना निभावलं. येताना तिचा भाऊ बहिणीला सोडायला सायकलवर निघाला. तो पुढं जाऊन पुलियावर बसायचा, बिडी ओढायचा, बहीण पोहोचली की पुन्हा निघायचा. निम्म्या वाटेत तलावाच्या पाळीजवळ, बांधाशी, बोनेटातून वाफ निघाली. भाऊ धावत आला, म्हणाला, "बाई, पाणी टाक, तलावातून आणतो." ही म्हणाली, "थांब रे. धापलेल्या बैलाले कोणी लगेच पाणी पाजते का? मरून जाईन ते." आणि रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली बसली, चांगली गाडी थंड होईस्तोवर. मग डिकीतून केटली काढली. केटलीत तिच्या वहिनीनं माझ्यासाठी पाठवलेली पेज होती. भाताची, पातळ, मीठ टाकलेली. ऑपरेशनवाल्या माणसाला बरी म्हणून. ती सगळी तिनं रेडिएटरमध्ये ओतली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा रिकामी केटली माझ्यासमोर ठेवली आणि हे सगळं स्वतःच सांगितलं. माझ्यापासून लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं.

"पेज?" मी म्हटलं. "इंजिनाले?"

"तलावाचं पाणी गढूळ होतं. अन् साध्या पाण्यात काय ताकत असते? दमलं होतं बिचारं."

"अन् मीठ?"

"मीठ असलं तं घाम भरून निघते."

मी जेवलो नाही. आंगणात जाऊन बोनेटवर हात ठेवून उभा राहिलो. ती मागं आली. हसत होती, पण मला ओळखू येत होतं, की हसण्याखाली भीती आहे. पोरानं गाडी देताना म्हटलं होतं, काही मोठं बिघडलं तर भंगारात देऊन टाकू, खर्च करू नका. "पोराले सांगू नका," ती म्हणाली. "इंजिन गेलं तं गाडी गेली. गाडी गेली तं मी पुन्हा तुमच्या मागं. आता कुठं माझी वाट सुरू झाली होती." दिवाळीत इटियाडोहचं धरण पाहायला जायचं तिनं ठरवून ठेवलं होतं. ती गाडी चालवणार, मी बाजूला बसणार आणि तोंड बंद ठेवणार, असं.

तेवढ्यात पोराचाच फोन आला. गाडी बरोबर आहे ना? केशोरीवाली म्हणाली, "मजेत आहे बापा. कालपेक्षा आज तब्येत बरी आहे तिची."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो आवाज ऐकत होतो. मला एकदा खडखड वाटली, एकदा वाटली नाही. शेवटी अर्जुनीच्या मिस्त्रीला फोन लावला. मिस्त्री मूळचा गोंदियाचा, अर्धा हिंदीत बोलतो.

"काका, पेज? मतलब भात का पानी? रेडिएटर में?" मग तो हसला तो हसतच राहिला. केशोरीवालीनं फोन माझ्या हातून घेतला. "हसणं झालं असन तं सांग, जगन का मरन ते."

तो म्हणाला, "काकी, गाडी थंडी करके पेज डाला, ये बहुत अच्छा किया. गरम में डालते तो इंजिन का हेड फूट जाता." हे ऐकताच तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी दुसरीकडं पाहिलं. पुढचं त्यानं मला सांगितलं. आता बंद ठेवा. उद्या सकाळी, इंजिन थंडगार असताना, सारं पाणी सोडून द्या. धुवा. स्वच्छ पाणी येईस्तोवर धुवा. मग चालू करून गरमीचा काटा पाहा. काटा मधात, अर्ध्यावर, थांबला तर काही झालं नाही. वर चढला तर समजा इंजिन गेलं.

"मंग उद्या सकाळी," केशोरीवाली म्हणाली. "मी पाणी देते, तुम्ही ओता. वाकायचं नाही."

दुपारी आम्ही वरण-भात खाल्ला. ती म्हणाली, "जरा पडते. कालपासून हात दुखून राहिले, स्टेअरिंग लय जड होतं." पडली. मी चहासाठी उठवायला गेलो तेव्हा ती गेली होती. डॉक्टर आला, म्हणाला, झोपेतच. कोणाला कळलंच नसेल, तिलाही नाही. भाऊ केशोरीहून आला, पोरगा नागपूरहून आला, आणि रात्रीच आम्ही तिला नाल्याकाठी नेऊन आलो. माणसं बोलत होती, मी हो जी, हो जी म्हणत होतो. कोण काय म्हणालं ते आता विचाराल तर सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. घरभर पाहुणे. मी विहिरीवरून बादली आणली, गाडीखाली कांबळ टाकून निजलो आणि रेडिएटरची खालची तोटी सोडली. पांढरं पाणी आलं. भाताच्या वासाचं.

तिचा भाऊ, माझा साळा, बाहेर आला. "भाऊजी, काय करून राहिले?"

"धुऊन राहिलो."

त्यानं माझ्या हातची बादली घेतली आणि विहिरीकडं गेला. तो पाणी आणत होता, मी ओतत होतो, खालून सोडत होतो. पोरगा दारात येऊन उभा राहिला. "बाबा, आज हे कायले? अन् हे पांढरं काय निघून राहिलं?"

"काही नाही," मी म्हटलं. "गाडी जुनी आहे. धुवावं लागते."

शेवटी पाणी स्वच्छ आलं. तोटी बंद केली, वरून भरलं. सीटवर बसलो, तिनं अर्धा ओढून ठेवलेला हातब्रेक तसाच राहू दिला आणि चावी फिरवली. साळा बोनेटजवळ कान देऊन उभा होता. दारातली माणसं मला काय म्हणत असतील ते म्हणत होती. काटा हळूहळू चढला. मी त्याच्यावरून नजर काढली नाही. मधात आला आणि थांबला. बराच वेळ बसून पाहिलं, रेस देऊन पाहिलं, हलला नाही.

गाडीला काहीच झालं नव्हतं.